‘फोर्ट स्टिकीन’ आगबोटीचें चरित्र : पाठभेद, प्रक्षेप आणि निर्णय

ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाची आगबोट पेट घेऊन फुटली, हें महाराष्ट्रांत बहुतेकांस ऐकून ठाऊक आहे. या प्रसंगावर इंग्रजींत व मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें असून दरवर्षीं एप्रिल महिना आला कीं त्यांत भर पडते. परंतु या लिखाणाचा बराच भाग एकमेकांवरून उतरून घेतलेला आहे. मूळ कोणतें, नक्कल कोणती आणि नक्कलकारानें पदरचें काय घातलें, याची छाननी क्वचितच झालेली दिसते. पोथ्या व दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस हा रोग अपरिचित नाहीं. त्याचें औषधहि त्यांच्याच जवळ आहे. तें या अर्वाचीन विषयास लावून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बखरी व ताम्रपट यांच्या पंगतींत आगबोटीस पाट कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचें उत्तर असें कीं, साधनाचें जुनेपण केवळ वर्षांवर मोजावयाचें नसतें. प्रत्यक्ष पाहणारे किती उरले यावर तें मोजावयाचें असतें. या घटनेस ऐंशीहून अधिक वर्षें लोटलीं. पाहणारे बहुतेक गेले. ज्या गोदींत ती घडली ती गोदीहि पुढें भराव घालून बुजविण्यांत आली. आतां उरले ते कागद, आणि कागदांवरून केलेल्या नकला. तेव्हां हा विषय आमच्याच शास्त्राच्या कक्षेंत येऊन पोंचला आहे.

१. नांव व जन्म

प्रथम नांवाचा विचार करूं. ‘फोर्ट’ या शब्दामुळें ही लढाऊ नौका असावी असा कित्येकांचा समज होतो. तो निराधार आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्या ब्रिटनचीं मालवाहू जहाजें बुडवीत होत्या. तीं बांधून भरून काढण्याइतकी सवड ब्रिटिश कारखान्यांस नव्हती. म्हणून कानडा देशांत एकाच नमुन्याचीं मालवाहू जहाजें मोठ्या संख्येनें बांधून घेण्यांत आलीं. ब्रिटनच्या उपयोगासाठीं अशीं १९८ जहाजें झालीं व त्या सर्वांच्या नांवाआधीं ‘फोर्ट’ हा शब्द जोडण्यांत आला. ‘स्टिकीन’ हें उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील एका नदीचें नांव होय. त्या नदीच्या मुखाजवळ, हल्लींच्या अलास्कांतील रँगेल या गांवीं, हडसन बे कंपनीचें एक ठाणें १८४० पासून कांहीं वर्षें होतें. मूळचें तें रशियनांचें. त्यांजकडून तें कंपनीकडे आलें. या ठाण्यांत मुख्य व्यवहार केसाळ चामड्यांचा चाले. म्हणजे येथें ‘फोर्ट’ याचा अर्थ रायगड-प्रतापगडासारखा किल्ला असा न घेतां तटबंदीची वखार असा घ्यावयास पाहिजे. सुरत-राजापूरच्या वखारी ज्यांनीं कागदांतून पाहिल्या आहेत त्यांस हा अर्थ सांगावयास नको. वखारीचें नांव घेतलेलें हें जहाज जातीनेंहि वाणीच होतें.

त्याचा जन्म १९४२ सालीं ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील प्रिन्स रूपर्ट या बंदरीं झाला. याला कोणी ब्रिटिश, कोणी अमेरिकन, कोणी कानडी म्हणतात, आणि त्यावरून वाद घालतात. वस्तुतः वादास जागा नाहीं. जहाज कानडांत बांधलेलें, अमेरिकेच्या उसनवार-पट्ट्याच्या योजनेंतून मिळालेलें आणि ब्रिटनच्या युद्धवाहतूक खात्यासाठीं चालणारें होतें. बांधणी, पैसा व निशाण हीं तीन निरनिराळीं असतां एकच विशेषण लावूं पाहणें हा दोष वृत्तान्तकारांचा आहे.

दुसरी एक चूक येथेंच सांगून टाकतों. ‘७,१४२ टन वजनाचें जहाज’ असे शब्द वारंवार आढळतात. आंकडा बरोबर असला तरी ‘वजन’ हा शब्द चुकीचा आहे. जहाजाच्या नोंदींतील ढोबळ टन हें वजनाचें माप नसून जागेचें माप आहे. १०० घनफुटांस एक टन धरतात. वजनाच्या हिशेबानें या जातीचें जहाज सुमारें दहा हजार टन भार वाहूं शके. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

२. शेवटची सफर

या जहाजाचें आयुष्य दोन वर्षांचेंहि भरलें नाहीं. त्यांतील शेवटचा प्रवास तेवढा इतिहासास हवा आहे, कारण अनर्थाचें बीज त्याच प्रवासांत पडलें. ता. २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं जहाज इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघालें. त्यावर सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा, पेट्यांत भरलेलीं विमानें आणि सोनें असा माल होता. जिब्राल्टर व पोर्ट सैद या मार्गानें तें मार्चअखेर कराचीस पोंचलें. तेथें विमानें वगैरे कांहीं माल उतरला व पोटांत जागा झाली. युद्धकाळांत जहाजाची रिकामी जागा म्हणजे शुद्ध अपव्यय समजत. ती जागा कापसाच्या गांठी, तेलाचीं पिंपें, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ व मासळीचें खत यांनीं भरण्यांत आली. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यास ही भरती पसंत नव्हती, असें वृत्तान्तांवरून दिसतें. ता. ९ एप्रिल रोजीं जहाज कराचीहून सुटलें व ता. १२ रोजीं मुंबईस लागलें.

दुसऱ्या मालकोठारांत कापूस तळाशीं होता आणि स्फोटक द्रव्यें त्याच कोठाराच्या मधल्या मजल्यावर. सोन्याची पेटीहि त्याच कोठारांत होती. ता. १४ रोजीं दुपारीं दोनच्या सुमारास तेथून धूर निघतांना दिसला. बंबवाल्यांनीं शेंकडों टन पाणी आंत ओतलें. परंतु धुरामुळें आगीचें नेमकें ठिकाण सांपडेना. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते व आंत धुमसत राहते, हें कोणताहि गिरणीकामगार सांगेल. जहाज जागच्या जागीं बुडवावें, ओढून समुद्रांत न्यावें, कीं आग विझवीत राहावें, याविषयीं निरनिराळ्या अधिकाऱ्यांचीं निरनिराळीं मतें पडलीं, आणि सर्वांस बांधील असा हुकूम कोणाचाच सुटला नाहीं. ३ वाजून ५० मिनिटांनीं जहाज सोडून देण्याची आज्ञा झाली. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. सिंदिया कंपनीची ‘जलपद्म’ नांवाची आगबोट लाटेनें उचलून धक्क्यावर टाकली. पाण्यांतील कमळ जमिनीवर येऊन पडल्याचें हें उदाहरण कवींस सुचलें असतें तर आम्ही त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें. येथें तें छायाचित्रानें सिद्ध आहे. आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले. पुढें सुमारें ८,००० माणसांनीं सात महिने खपून पांच लक्ष टनांचा ढिगारा उपसला, तेव्हां गोदी पुन्हा चालूं झाली.

३. आंकड्यांतील पाठभेद

आतां मुख्य विषयाकडे वळूं. सुखटणकरांनीं महाभारताच्या संशोधित आवृत्तींत पाठनिर्णयाची जी शिस्त घालून दिली, तींतील एक तत्त्व असें कीं, पुष्कळ प्रतींत आढळतो म्हणून पाठ खरा ठरत नाहीं. प्रती मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. येथें तर अक्षरशः तोलूनच पाहतां येतें.

(अ) कापसाच्या गांठी. अलीकडील कित्येक वृत्तान्तांत कराचीस ८७,००० गांठी भरल्या असा पाठ आहे. कांहीं ठिकाणीं ८,७०० असा आहे. पहिला पाठ जास्त प्रतींत आढळतो. परंतु त्या काळच्या व्यापारी हिशेबांत हिंदी कापसाची गांठ निव्वळ ३९२ पौंडांची धरीत. ८७,००० गांठींचें वजन ३,४१,०४,००० पौंड, म्हणजे २,२४० पौंडांच्या मापानें १५,२२५ टन होतें. जें जहाज सगळें मिळून सुमारें दहा हजार टन वाहूं शकतें त्यांत सव्वापंधरा हजार टन कापूसच भरला होता, आणि वर दारूगोळाहि होता, असें म्हणावें लागेल. हें अशक्य आहे. ८,७०० हा पाठ घेतल्यास वजन सुमारें दीड हजार टन येतें व सर्व जुळतें. तेव्हां ८७,००० हा लिपिकारप्रमाद होय. एका नक्कलकाराच्या हातून एक शून्य अधिक पडलें आणि पुढच्यांनीं तें भक्तिभावानें जपलें.

(आ) सोन्याच्या लगडी. ३१ पेट्या, प्रत्येक पेटींत ४ लगडी, एकूण १२४, याविषयीं सर्व वृत्तान्तांत एकवाक्यता आहे. लगडीच्या वजनाविषयीं मात्र ‘८०० तोळे म्हणजे जवळजवळ २८ पौंड’ असें एक चमत्कारिक वाक्य सर्वत्र फिरत असतें. तोळा १८० ग्रेनांचा व पौंड ७,००० ग्रेनांचा. ८०० तोळ्यांचे १,४४,००० ग्रेन, म्हणजे साडेवीस पौंडांहून किंचित् अधिक होतात. २८ पौंड होत नाहींत. दोहोंपैकीं एक पाठ टाकलाच पाहिजे. लंडनच्या सराफी व्यवहारांत प्रमाण लगड ४०० ट्रॉय औंसांच्या आसपास असते. तिचे १,९२,००० ग्रेन, म्हणजे सुमारें सत्तावीस पौंड सात औंस होतात. ‘जवळजवळ २८ पौंड’ या शब्दांशीं हें चांगलें जुळतें. यास्तव पौंडांचा पाठ ग्राह्य व तोळ्यांचा त्याज्य मानावा. हिंदी वाचकाच्या सोयीसाठीं कोणीतरी तोळ्यांची टीप घातली असावी व ती पुढें मूळ ग्रंथांत शिरली असावी. असे प्रकार पोथ्यांत नित्य घडतात.

(इ) सिमल्याचा धक्का. हा स्फोट १,७०० किलोमीटर दूर सिमला येथील भूकंपमापक यंत्रावर नोंदला गेला, असें जिकडेतिकडे लिहिलेलें आढळतें. येथें यंत्रावरील नोंदीविषयीं आमचा वाद नाहीं, अंतराविषयीं आहे. मुंबई १९ व सिमला ३१ अक्षांशांवर. बारा अंशांचें अंतर सुमारें १,३३० किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक सुमारें ४३० किलोमीटर. कर्ण काढला तर तो १,४०० च्या आसपास येतो. १,७०० हा आंकडा रस्त्याचा किंवा रेल्वेचा असावा. भूकंपाची लाट रेल्वेनें जात नाहीं.

या तिन्ही उदाहरणांचें तात्पर्य आंकडे दुरुस्त करण्यापुरतें नाहीं. तिन्ही ठिकाणीं निर्णय देतां आला, कारण तपासून पाहण्यास कांहींतरी कायमचें माप हातांत होतें. गांठीस वजन आहे, लगडीस वजन आहे, शहरांस अक्षांश आहेत. हें ध्यानांत घेऊन पुढें जाऊं.

४. प्रक्षेप

घातपाताची कथा हा पहिला प्रक्षेप. जपान्यांनीं किंवा त्यांच्या हस्तकांनीं हें जहाज उडविलें, अशी वदंता त्या वेळीं उठली व अद्यापि ऐकूं येते. तिला आधार म्हणून सांगतात तो असा, कीं जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें दुसऱ्याच दिवशीं, ता. १५ एप्रिल रोजीं, स्फोटाची सविस्तर वार्ता दिली. तर हिंदुस्थानांतून बातमी बाहेर पाठविण्याची मोकळीक सेन्सॉरनें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिली नाहीं. यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, शत्रूचे कान उघडे होते व सरकारचें तोंड बंद होतें. जो प्रथम बोलला त्यानेंच केलें, हा काकतालीय न्याय झाला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ बसलें, त्यानें घातपाताची कल्पना स्वीकारली नाहीं. अपघात हेंच कारण धरलें व स्फोटकांच्या वर-खालीं कापूस रचण्यावर ठपका ठेवला. सरकारी मंडळाचा निर्णय म्हणून तो डोळे मिटून घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो माल अशा तऱ्हेनें रचला होता त्यास पेट घेण्यास शत्रूची गरज नव्हती, हें कोणीहि मान्य करील.

तथापि वदंता उठविणाऱ्यांस दोष देऊन आम्ही थांबणार नाहीं. लेखी पुरावा दडपला कीं तोंडी पुरावा फोफावतो, हा इतिहासाचा अनुभव आहे. ज्या शहराचे कांचेचे तावदान मैलोगणती फुटले त्या शहरास तीन-चार आठवडे छापील अक्षरांत खरें कांहीं कळूं दिलें नाहीं. तेव्हां प्रक्षेपाचें पहिलें जनकत्व सेन्सॉरकडे जातें.

दुसरा प्रक्षेप सोन्याच्या पावसाचा. स्फोटानें लगडी दूरवर उडाल्या हें खरें. मैलभर अंतरावरील एका पारशी वृद्धाच्या घरांत छप्पर फोडून एक लगड पडली व त्यानें ती सरकारजमा केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु त्यावर ‘अमकें घराणें गोदीच्या सोन्यावर वर आलें’ अशा कथा मुंबईच्या गल्लीगल्लींत रचल्या गेल्या आहेत. मूळ संख्या १२४. त्यांतील बहुतेक सर्व परत मिळाल्या. गाळ उपसतांना पुष्कळ वर्षांनीं, २०११ सालींसुद्धां, लगड सांपडल्याची नोंद आहे. या हिशेबांत इतक्या घराण्यांस पुरेल एवढें सोनें शिल्लक राहत नाहीं.

५. जी यादी नव्हती ती

सोन्याचा हिशेब असा ऐंशी वर्षांनींहि लगडीगणिक लागतो. आतां मृतांचा हिशेब पाहा. कोठें ८०० हून अधिक असें म्हटलें आहे, कोठें १,३०० पर्यंत. गोदीच्या सेवेंतील २३१ माणसें मेलीं व त्यांत ६६ बंबवाले होते, असें सांगतात. (२३१ च्या पोटांतच ६६ आहेत, बेरीज करतांना ते पुन्हा मिळवूं नयेत.) खुद्द कप्तानहि त्यांत गेला. उरलेल्यांविषयीं ‘पांचशेहून अधिक नागरिक’ यापलीकडे वृत्तान्त जात नाहींत.

या पाठभेदाचा निर्णय काय? आमचें उत्तर स्पष्ट आहे. उपलब्ध वृत्तान्तांवरून तो लागत नाहीं. ८७,००० चे ८,७०० करतां आले, कारण गांठीचें माप ठाऊक होतें व जहाजाची शक्ति ठाऊक होती. ८०० आणि १,३०० यांमधील पांचशें माणसांस तोलण्याचें माप त्या वृत्तान्तांत नाहीं. सोनें चढवितांना त्याची यादी झाली होती. त्या दिवशीं धक्क्यावर व धक्क्याशेजारच्या वस्तींत किती माणसें होतीं याची यादी कोणीच केली नव्हती.

आणि हा केवळ दैवयोग नव्हे. बंबवाल्यांची संख्या नक्की सांगतां येते, कारण त्यांची हजेरी होती. ता. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ, व हें सर्वस्वीं योग्य आहे. गोदीवरील मजुरांची गोष्ट वेगळी. घाटावरून व कोकणांतून आलेला हमाल टोळीवाल्याच्या किंवा मुकादमाच्या हाताखालीं रोजावर काम करी. आज या बोटीवर, उद्यां त्या बोटीवर. गोदीकामगारांच्या नोकरीचें नियमन करणारा कायदा १९४८ सालीं झाला. तत्पूर्वीं अशा मजुराचें नांव असलेंच तर मुकादमाच्या वहींत असे. आणि त्या दिवशीं मुकादम, वही व मजूर हीं तिन्ही एकाच ठिकाणीं असण्याचा संभव होता. म्हणून ‘पांचशेहून अधिक’ या मोघम शब्दांत अज्ञान जितकें आहे तितकीच त्या काळची व्यवस्थाहि आहे. इतर सर्व वृत्तान्तांवर आमचा मुख्य आक्षेप हाच कीं, ते ही पोकळी वाचकांस दाखवीत नाहींत. एखादी संख्या निवडून तीवर सोन्याची कथा रचतात.

६. संग्राहकांस विनंति

ही पोकळी अंशतः तरी भरून काढण्यासारखी आहे, आणि तें काम आमच्या वाचकांवांचून दुसरें कोण करणार? स्फोटानंतर त्याच सालीं मुंबई स्फोट नुकसानभरपाई वटहुकूम निघाला. त्याखालीं घरें, वखारी व माल यांबद्दल अर्ज व दावे दाखल झाले. त्यांच्या स्थळप्रती मांडवी, मस्जिद बंदर, चिंचबंदर येथील जुन्या पेढ्यांच्या गांठोड्यांत असण्याचा संभव आहे. सातारा, पुणें, रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांतील गांवीं मुंबईहून येणारी मनिऑर्डर एप्रिल १९४४ नंतर जेथें थांबली, तेथें एखादें पत्र, एखादा परत आलेला लखोटा, एखादी श्राद्धाची तिथि नोंदलेली वही जपलेली असूं शकेल. ज्या घरीं चैत्र वद्य पक्षांत नेमकी तिथि ठाऊक नसतां ‘गोदीचा दिवस’ म्हणून पान वाढलें जात असेल, त्या घरची आठवणहि साधनच आहे. मात्र ती कोणीं, केव्हां व कोणाकडून ऐकून सांगितली हें सोबत लिहिलें पाहिजे.

असा कागद हातीं आल्यास तो शिवकालीन नाहीं म्हणून रद्दींत टाकूं नये. त्याची तारीख, हस्ताक्षर व मालकी नोंदवावी. छायाचित्र असल्यास मागील बाजूचा मजकूर अवश्य उतरून घ्यावा. आणि अक्षर लागत नसेल तेथें तसेंच लिहावें, पदरचें घालूं नये. अशा दहा गांवांतून दहा नांवें मिळालीं तरी तीं, आजवर छापलेल्या कोणत्याहि एकूण संख्येपेक्षां, अधिक विश्वसनीय ठरतील. कारण तीं तोलतां येतील.